एकशे वीस तासांचं सर्टिफिकेट

काही महिन्यांपूर्वी एका शनिवारी सकाळी आतेभावाचा फोन आला. "दादा, एक छोटंसं काम होतं." छोटं काम म्हटलं की मी आधी घाबरतो, कारण बहुतेक वेळा कोणाचा तरी प्रिंटर चालत नसतो. पण हे वेगळं निघालं. पोरगा उल्हासनगर कॅम्प ४ ला राहतो, आयटीच्या डिग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. नवीन अभ्यासक्रमात त्याला ऑन जॉब ट्रेनिंग आहे. चार क्रेडिट, म्हणजे एकशे वीस तास प्रत्यक्ष काम.

"तुझ्या कंपनीच्या लेटरहेडवर तेवढं सर्टिफिकेट मिळेल का? सगळे असंच करतायत. पैसे देऊन पण मिळतं, पण तुझं असेल तर खरं वाटेल."

खरं वाटेल! मी "उद्या येतो घरी, मग बोलू" म्हणून फोन ठेवला. रागवायला तोंड उघडलं होतं खरं, पण मग आठवलं की माझ्या वेळी आम्ही काय वेगळं केलं होतं? वर्षभर प्रॅक्टिकलला मागच्या बाकावर गप्पा, आणि शेवटच्या आठवड्यात रात्रभर जागून एकमेकांची जर्नलं उतरवून काढायची. आउटपुटचा कागदसुद्धा मित्राच्या प्रोग्रामचा. सही झाली की विषय संपला. आज मुलाखती घ्यायला बसतो तेव्हा समोरच्याला साधं लूप लिहिता येत नाही म्हणून वैतागतो, पण त्याच्या जर्नलवरही कोणाची तरी सही असणारच ना?

तर शनिवारचा उरलेला दिवस याच एका प्रश्नात गेला. काम न करता कामाची सही मिळवायची ही सवय आपल्याला लागली कुठून? थोडं पाल्हाळ होईल, पण गोष्ट १८५४ पासून सुरू करावी लागेल.

त्या साली ईस्ट इंडिया कंपनीचा तो प्रसिद्ध वुडचा खलिता आला. शाळेत इतिहासाच्या पेपरला 'टिपा लिहा' मध्ये तो हमखास असायचा. टीप लिहिताना आपण एक गोष्ट कधी लक्षात घेतली नाही. हिंदुस्थानात विद्यापीठं काढा असं त्यात सांगितलं होतं, आणि नमुना म्हणून लंडन विद्यापीठ पुढे ठेवलं होतं. तेव्हाचं लंडन विद्यापीठ कोणालाच काही शिकवत नव्हतं. शिकवायचं काम कॉलेजांचं. विद्यापीठाने पेपर काढायचे, तपासायचे आणि पदवी द्यायची. १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही तीन विद्यापीठं याच साच्यात ओतली गेली. मुंबईचा कायदा १८ जुलै १८५७ चा. विद्यापीठाचा उद्देश त्यात जवळपास असाच मांडलाय की कोणाला किती येतं ते परीक्षेने ठरवायचं आणि त्याप्रमाणे पदवी द्यायची.

आमच्या भाषेत सांगायचं तर कंपनी काढली, पण तिच्यात फक्त टेस्टिंग डिपार्टमेंट ठेवलं. डेव्हलपमेंट बाहेरच्यांनी करायचं.

हा साचा सगळाच वाईट होता असंही नाही. १८६२ साली मुंबईचे पहिले बी.ए. बाहेर पडले, त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. आणखी काय हवं! पण या पदवीचं मुख्य गिऱ्हाईक होतं सरकार. सरकारला इंग्रजीत नीट लिहिणारी, नियम वाचून लागू करणारी माणसं हवी होती, आणि तीन तासांच्या लेखी पेपरात नेमकी तीच गोष्ट तपासता येते. तेव्हा परीक्षा आणि नोकरी यांचा मेळ चांगला बसत होता. गिऱ्हाईक बदललं, गिरण्या आल्या, कारखाने आले, पुढे आमच्यासारखे संगणकवाले आले, पण टेस्ट केसेस त्याच राहिल्या.

गंमत म्हणजे ज्यांना सरकारची पद्धत पसंत नव्हती, त्यांचीही यातून सुटका झाली नाही. चिपळूणकर, टिळक, आगरकरांनी १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल काढलं, १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज उभं राहिलं. माणसं स्वतंत्र विचारांची, पण मुलं शेवटी बसणार मुंबई विद्यापीठाच्याच परीक्षेला. मग शिकवणंही त्याच वळणाने जाणार.

पुढे चुका कोणाला दिसल्याच नाहीत असंही नाही. १९०४ च्या कायद्याने विद्यापीठांना स्वतः शिकवायची मुभा दिली. १९१७ ते १९१९ सॅडलर आयोग बसला, त्याने परीक्षेच्या ओझ्यावर बोट ठेवलं. स्वातंत्र्यानंतर १९४८-४९ ला राधाकृष्णन आयोगाने तर सांगून टाकलं की विद्यापीठीन शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची झाली तर आम्ही परीक्षेची सुचवू. १९६४ ते १९६६ कोठारी आयोग झाला. त्याचे सदस्य-सचिव आपले जे. पी. नाईक, कोल्हापूर जिल्ह्यातले. त्या अहवालात एक शब्द आहे जो महाराष्ट्रातल्या शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे : कार्यानुभव.

आठवला? शुक्रवारचा शेवटचा तास. पुठ्ठ्याचं घर, आइस्क्रीमच्या काड्यांचा पेन स्टँड. ते घर आईने केलेलं असायचं किंवा कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातून आणलेलं. खरी कल्पना फार मोठी होती. शेतात, कारखान्यात, घरात, कुठेही, पण खरं उत्पादक काम हा प्रत्येक मुलाच्या शिक्षणाचा भाग असावा. शाळेपर्यंत येईस्तोवर तिचा एक विषय झाला, विषयाला मार्क आले, मार्कांसाठी वस्तू जमा करायची झाली, आणि वस्तू विकत मिळायला लागली. आतेभावाचं सर्टिफिकेट आणि ते पुठ्ठ्याचं घर ही सख्खी भावंडं आहेत. जिथे फक्त कागद तपासतात तिथे फक्त कागदच तयार होतो.

म्हणून मग मी उलटा शोध घेतला. आपल्याकडे कोणी कामातून शिकवून दाखवलंय का? आणि त्यांच्याकडे काम तपासायचं कोण? तीन उदाहरणं सापडली.

पहिलं सगळ्यांना माहीत असलेलं, कर्मवीर भाऊराव पाटील. स्वतः इंग्रजी सहावीच्या पुढे न गेलेला हा माणूस. किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरला. १९१९ साली कराडजवळ काले इथे रयत शिक्षण संस्था सुरू केली, १९२४ साली साताऱ्यात शाहू बोर्डिंग. तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एकत्र जेवायची आणि जेवण लागायच्या आधी राबायची. १९४७ साली त्यांनी साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं आणि 'कमवा व शिका' थेट कॉलेजात नेलं. फी भरायला पैसे नसलेली खेड्यातली मुलं शेतात काम करून पदवी घ्यायला लागली. इथे कामाची तपासणी सोपी होती. विहिरीला पाणी लागलं की नाही, भाजी उगवली की नाही. पीक खोटी सही करत नाही. मात्र एक कबूल करायला हवं. शेत आणि वर्ग ही दोन वेगळी खाती राहिली. शेतात घाम गाळून वर्गाचं भाडं भरलं, पण वर्गातली परीक्षा विद्यापीठाचीच होती. पुढे विद्यापीठांनी ही योजना उचलली तेव्हाही ती मुख्यतः गरजू मुलांना ताशी मोबदला देणारी योजना म्हणूनच. त्याने हजारो मुलं शिकली, हे काही थोडकं नाही. पण अभ्यासक्रम जागचा हलला नाही.

दुसरं उदाहरण खुद्द मुंबई विद्यापीठाच्या पोटातलं आहे. १९३३ साली विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा स्वतःचा विभाग सुरू केला, तोच तो माटुंग्याचा यूडीसीटी. (२००८ पासून ते स्वतंत्र अभिमत विद्यापीठ आहे, आयसीटी.) मुंबईच्या कापड गिरण्यांना रंगाईचं रसायनशास्त्र जाणणारी माणसं हवी होती. कारखान्याची अडचण प्रयोगशाळेत येणार, प्राध्यापक कारखान्याला सल्ला देणार, मुलं त्याच अडचणींवर शिकणार असा तिथला रिवाज पडला. डोंबिवलीत रसायनांचा कारखाना उभा करणारे केकी घरडा तिथलेच. इथे तपासणारा होता कारखाना, कारण रंग विटला तर माल परत येतो. पण हे मूठभर, अतिशय हुशार मुलांसाठी होतं. तिथे प्रवेश मिळणं म्हणजेच अर्धी लढाई जिंकणं.

तिसरं उदाहरण मला सगळ्यात आवडतं. डॉ. श्रीनाथ कलबाग अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाचे पीएच.डी., हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागात मोठ्या जागेवर. १९८३ साली ते सगळं सोडून पुणे जिल्ह्यातल्या पाबळला गेले. पाबळ म्हणजे शिरूर तालुक्यातलं दुष्काळी गाव. तिथे त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला, तोही जे. पी. नाईकांनी स्थापन केलेल्या भारतीय शिक्षण संस्थेच्या छत्राखाली. कार्यानुभवाची कल्पना कागदावर वारली ती इथे पुन्हा जन्माला आली म्हणायची.

पाबळला शाळा सोडलेली मुलं एक वर्ष राहतात. वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम, वीज, शेती, पशुपालन, अन्नप्रक्रिया, रक्त-लघवीच्या साध्या तपासण्या, सगळं थोडं थोडं करतात. खरी मेख पुढे आहे. मुलं जे बनवतात ते गावाला विकायचं. खिडकीची जाळी, पाण्याच्या टाकीचा स्टँड, गिऱ्हाईक पैसे मोजून नेणार. जाळी वाकडी असेल तर तो नेणार नाही, आणि का नेणार नाही ते चारचौघांत सुनावेल. शिक्षकाने लाल शाईने लिहिलेला शेरा त्यापुढे काहीच नाही. काम करता करता लागेल तेव्हा भूमिती, लागेल तेव्हा ओहमचा नियम. २००२ साली एमआयटीच्या नील गर्शेनफेल्ड यांनी पाबळला फॅब लॅब उभारली, ती अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक. जगाला 'मेकर' हा शब्द कळायच्या आधी इथली मुलं तेच करत होती. कलबाग २००३ साली गेले, आश्रमाचं काम पुढे चालू राहिलं.

तिघांची जातकुळी एकच. तपासणारा हा काम वापरणारा होता. पोट, गिरणी किंवा गावकरी. या यादीत विद्यापीठ कुठेच नाही.

हे सगळं डोक्यात घेऊन मी रविवारी विठ्ठलवाडी स्टेशनला उतरलो आणि कॅम्प ४ कडे चालायला लागलो. वाटेत विचार करत होतो की या गावाला तर हे वेगळं शिकवायलाच नको. उल्हासनगर म्हणजे मुळात दुसऱ्या महायुद्धातला लष्कराचा कल्याण कॅम्प. फाळणीनंतर सुमारे लाखभर सिंधी निर्वासित इथल्या बराकींत येऊन पडले. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते गावाची पायाभरणी झाली आणि उल्हास नदीवरून नाव पडलं उल्हासनगर. पण 'कॅम्प' काही सुटला नाही, आजही पत्ता कॅम्पच्या नंबरानेच सांगतात. बराकीत गोणपाटाचे आडोसे करून एकेका कुटुंबाने संसार मांडला आणि त्याच आडोशामागे धंदाही. पापड, बिस्किटं, कपडे, रेडिओ. 'मेड इन यूएसए'चा जोक सगळ्यांनी ऐकलाय, पण एखादी वस्तू उघडून, बघून, तशीच बनवणं हेही शिकणंच आहे. पोरगा दुकानावर बसायचा, उस्तादाच्या हाताखाली शिकायचा. गिऱ्हाईक हाच परीक्षक.

तरीही याच लोकांनी कॉलेजसाठी जिवाचं रान केलं. सिंध हैदराबादचं नॅशनल कॉलेज चालवणारी मंडळी फाळणीनंतर इकडे आली, १९४९ साली वांद्र्याला कॉलेज काढलं आणि १९६५ साली उल्हासनगर स्टेशनसमोर चांदीबाई कॉलेज. दुकानात बसून धंदा येत होता, तर मग कॉलेज कशाला हवं होतं?

याचं उत्तर मला आत्याच्या घरी मिळालं. मी मोठ्या तोऱ्यात माझा सिद्धांत मांडला. परीक्षा बंद करा, सगळ्यांना कामाला लावा, गिऱ्हाईक तपासेल. आत्याने चहाचा कप पुढे केला आणि म्हणाली, "अरे, ज्यांच्या काकाचं दुकान आहे त्यांना काम मिळेल. आमच्यासारख्यांना कोण उभं करणार होतं दारात? परीक्षेचा पेपर तपासणाऱ्याला आडनाव दिसत नाही, म्हणून मी पास झाले."

मी गप्प बसलो. मुद्दा बिनतोड होता. १८५७ च्या त्या कोरड्या परीक्षेत एक मोठा गुण आहे : तिथे नंबर असतो, नाव नसतं. डॉ. आंबेडकरांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज. नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावं म्हणून वर्ग सकाळी भरवले. मुलं आधीच राबत होती, राबण्याचं शिक्षण त्यांना पिढ्यान् पिढ्या मिळालं होतं. त्यांना हवी होती ती पदवी, जी कोणाला नाकारता येणार नाही. त्याआधी १९३७ साली वर्ध्याला गांधीजींच्या नई तालीमची परिषद झाली, हस्तोद्योगातून शिक्षण ही त्यामागची कल्पना. तिच्यावरही पुढे हाच आक्षेप आला, की कारागिराच्या पोराला पुन्हा चरख्यावरच बसवणार का? एम्प्लॉयेबिलिटी हा शब्द आपण आज फार सहज वापरतो. पण काम कोण देणार आणि कोणाला देणार, हा प्रश्न त्यात दडलेला असतो.

आता २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण घ्या. २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात पदवीची क्रेडिटची नवी मांडणी आली. स्वायत्त कॉलेजांत ती २०२३-२४ पासून आणि इतर संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून लागू झाली. कौशल्याचे विषय, फील्ड प्रोजेक्ट, समाजाशी जोडणारं काम, ऑन जॉब ट्रेनिंग, सगळं त्यात आहे. कागदावर वाचाल तर कलबागांनाही आवडेल. पण एकेका कॉलेजातल्या शेकडो मुलांना एकाच वेळी काम देणार कोण, आणि ते झालं की नाही हे बघणार कोण? ज्याचा बाप कंपनीत साहेब आहे त्याला खरी इंटर्नशिप, आणि कॅम्प ४ मधल्या पोराला विकतचं सर्टिफिकेट, असं झालं तर आपण परीक्षेतला तो एक गुणही घालवून बसू, आणि बदल्यात मिळेल ते पुठ्ठ्याचं घर.

असो. माझ्यापुढचा प्रश्न एकाच मुलाचा होता. सर्टिफिकेट देणार नाही म्हटल्यावर पोराचं तोंड उतरलं. मग त्याच्या बाबांना विचारलं. ते एका जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्तर आहेत. कोणी किती नग शिवले याची नोंद तिथे वहीत व्हायची आणि दर शनिवारी पगाराच्या वेळी त्यावरून भांडण. म्हटलं, हेच कर. रोज चार तास तिथे जा, मी रात्री फोनवर बघतो.

पहिल्या दहा दिवसांत साहेबांनी सुंदर लॉगिन पेज बनवलं. :) शिलाईवाल्यांच्या हाताला धागे आणि निळा रंग, पासवर्ड टाकायला वेळ कोणाला? कोणी हातही लावला नाही. मग लॉगिन गेलं, मग मोबाइल गेला, शेवटी प्रत्येक गठ्ठ्याला एक छापील नंबराची चिठ्ठी आणि संध्याकाळी एकाच माणसाने भरायची एक शीट, एवढंच उरलं. तिसऱ्या आठवड्यात कळलं की धुलाईहून परत आलेले नग दुसऱ्यांदा मोजले जातायत. एका कारागिराने ते दाखवून दिलं, पोराने रात्री दुरुस्त केलं. त्या शनिवारी भांडण झालं नाही असं नाही, पण लवकर मिटलं. एकशे वीसचे एकशे चाळीस तास कधी झाले त्याला कळलंही नाही.

कारखान्याच्या शिक्क्याचं सर्टिफिकेट घेऊन तो कॉलेजात गेला. मॅडमनी आधी विचारलं, "आयटी कंपनीचं नाही?" त्यांच्या टेबलावर फायलींचा ढीग होता, प्रत्येक फाइल उघडून वाचणं कोणालाच शक्य नव्हतं, हेही मी समजू शकतो. तो म्हणाला, मॅडम, एक पान बघता का, आणि चुकांची यादी पुढे केली. काय बनवलं, का चाललं नाही, कोणी सांगितलं, मग काय बदललं. मॅडमनी ते पान वाचलं. मग दोन प्रश्न विचारले. तीन वर्षांत पहिल्यांदा कोणी तरी मला असं विचारलं, ज्याचं उत्तर पुस्तकात नव्हतं, असं तो मला फोनवर सांगत होता.

माझी मागणी म्हणाल तर एवढीच आहे. एकशे वीस तासांच्या सर्टिफिकेटऐवजी प्रत्येक मुलाने चुकांचं ते एक पान द्यावं, आणि वापरणाऱ्याशी कॉलेजने एकदा फोनवर बोलावं. ज्याच्याकडे ओळख नाही त्याला काम शोधून द्यायची जबाबदारी कॉलेजची. उल्हासनगरात एवढे कारखाने, दुकानं, दवाखाने आहेत की नोंदवहीची भांडणं कधी कमी पडणार नाहीत. लेखी पेपर राहू दे, नंबरासकट. आत्याचं म्हणणं मला पटलंय.

मुलाखतीला बसलो की हल्ली मी एक प्रश्न आधी विचारतो : तुम्ही बनवलेलं कोणी वापरलं का, आणि त्याने काय शिव्या घातल्या? बहुतेक जण गोंधळतात. एखादा हसतो आणि सांगायला लागतो. त्याच्या जर्नलवर कोणाची सही आहे ते मग मी बघत नाही.